मामाजी आणि माझ्या गाडीच्या डिस्क

मागच्या उन्हाळ्यात कारंज्याहून तळेगावकडे घाट उतरताना माझ्या गाडीचे ब्रेक लागेनासे झाले. शेजारच्या सीटवर माझे सासरे होते. मी त्यांना मामाजी म्हणते. ते माझ्या गाडीत त्या दिवशी पहिल्यांदाच बसले होते.

आधी गाडीबद्दल सांगते. दोन दारांची, दोन सीटची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी स्पोर्ट्स कार. दहा-बारा वर्षं जुनी. नागपूरचे एक डॉक्टर परदेशी चालले होते, त्यांच्याकडून मी ती घेतली. आर्वीत बेअरिंग आणि मशीनच्या पट्ट्यांचं दुकान चालवणारी बाई अशी गाडी घेते, याचं गावाला काही महिने फार नवल वाटलं. बाजार समितीच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांमधून मी निघाले की लोक वाकून आत बघायचे. स्पीड ब्रेकर आला की मी गाडी तिरपी घालायची, नाहीतर तिचं पोट घासायचं. माझा नवरा शाळेत शिक्षक आहे, त्याची स्वतःची साधी चारचाकी आहे. त्यानं एवढंच विचारलं, की हिच्यात दळणाचा डबा कुठं ठेवायचा. सासूबाई हसल्या.

मामाजी आर्वीच्या डेपोत तीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यांच्या बसमध्ये उभ्यानं जाणाऱ्या बाईच्या हातातला ताकाचा गडवा कधी हिंदकळला नाही, असं डेपोतली जुनी माणसं अजून सांगतात. बस थांबली हे खिडकीबाहेर बघूनच कळायचं. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी गाडी हा विषयच बंद केला होता. सकाळी अंगणात खुर्ची टाकून ते पेपर वाचत. माझी गाडी फाटकातून आत-बाहेर होताना पेपर जरा खाली येई आणि परत वर जाई. त्यापलीकडे त्यांचं मत मला कळलं नव्हतं, आणि ते कळावं असं मला फार वाटायचं.

त्या दिवशी कारंज्याला नात्यात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. परतताना नवऱ्याच्या गाडीत सासूबाई, दोन मावशा, त्यांच्या पिशव्या आणि मिळालेली फळांची करंडी एवढं सगळं भरलं आणि मामाजींना जागा उरली नाही. मी म्हटलं, माझ्यासोबत चला. ते म्हणाले, मी बसनं येतो. मग त्यांनी मांडवाबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि माझ्या गाडीचं दार उघडलं. आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेला माणूस, अशा तीन टप्प्यांत ते आत बसले.

मला त्यांना गाडी दाखवायची होती. तिथंच चुकलं. मी एक ट्रक मागे टाकायचे, पुढच्या ट्रकमागे जोरात ब्रेक मारायचे, जागा मिळाली की परत पळवायचे. घाट तसा लहानच आहे, कोकणात जाणाऱ्यांना हसू येईल एवढा. पण उतार सलग आहे आणि पुढे-मागे भरलेले ट्रक असतात. आधी ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग थरथरू लागलं. ते नेहमीच थोडं थरथरायचं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग जळका वास आला. आणि मग एका वळणाआधी मी ब्रेक दाबला, तर पेडल चिखलात पाय जावा तसं खाली गेलं. गाडी तशीच पुढे. समोर कांद्यानं भरलेला ट्रक होता आणि त्याच्या मागच्या फळीवरचं अक्षर न् अक्षर मला वाचता येत होतं.

मी काही सांगितलं नव्हतं. मामाजींना कळलं कसं, मला माहीत नाही. ते शांतपणे बोलू लागले.

"ब्रेकवरचा पाय काढ. गियर खाली घे. अजून एक. हां. आता पाय मार, दाबून धरू नोको, मारत राह्य. हँडब्रेक हळू वढ. बटन सोडू नोको."

मी सांगतील तसं केलं. इंजिन ओरडलं, गाडी ट्रकपासून एक हात, दोन हात मागे राहिली, मग ट्रकच पुढे निघून गेला. मी रस्त्याच्या कडेला मुरमावर गाडी थांबवली. मामाजी उतरले, पुढच्या चाकापाशी वाकले आणि हात न लावता नुसता वास घेतला.

"बेटा," ते म्हणाले, "गाडी पयते चांगली. थांबत नाई. ही थांबाले शिकली की सांगजो, तोवर मी हिच्यात बसत नाई."

अर्धा तास आम्ही एका पळसाच्या सावलीत उभे राहिलो. ब्रेक निवले, पेडल थोडं वर आलं, आणि सायकलच्या वेगानं आम्ही घरी पोचलो. घरी उशीर का झाला असं विचारल्यावर मामाजी म्हणाले, ट्रक फार होते. यापलीकडे त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही. माझ्यासाठी त्यांनी झाकून ठेवलं, हे मला फार लागलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी मी अंगणात पुढचं एक चाक काढलं. चाकाच्या आत ताटाएवढी लोखंडी डिस्क असते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारी पॅड असतात. पेडल दाबलं की तेलाच्या दाबानं ती चिमूट, म्हणजे पकड, आवळते. गाडी थांबते ती एवढ्यावर. माझ्या डिस्कला कडेनं नखाएवढी धार आली होती आणि मधे तापून निळे डाग पडले होते. पॅड काचेसारखी गुळगुळीत झाली होती. तेलाच्या डबीत डोकावले तर आत काळा चहा. मी दुकानात रोज उठून लोकांना सांगते, की शाफ्ट एवढा झिजलाय, आता चालवू नका. आणि स्वतःच्या गाडीचं चाक मी दोन वर्षांत उघडून पाहिलं नव्हतं.

आमच्या इथल्या गॅरेजवाल्यानं प्रामाणिकपणे हात वर केले. ताई, ट्रॅक्टर आणा, जीप आणा, हे मी कधी उघडलं नाही, असं तो म्हणाला. मग मी नागपूरच्या एका वर्कशॉपला फोन केला. तिथल्या माणसानं गाडी कोणती ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, साहेबांना द्या फोन. मी म्हटलं, साहेब शाळेत आहेत, गाडी माझी आहे. मग तो जरा सावकाश बोलू लागला, लहान मुलाशी बोलावं तसं. गाडी महिनाभर ठेवावी लागेल, डिस्क कोणत्या बसतील ते तुम्हाला कळणार नाही, आणि घरी काही उघडू नका. शेवटची सूचना चुकीची नव्हती. पण ती ज्या सुरात आली त्या सुरामुळे मी फोन ठेवल्या ठेवल्या दुकानातून मोठी पक्कड, पाना-सेट आणि डायल गेज घरी आणून ठेवलं.

दोन आठवडे मी दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा गाडीचं मॅन्युअल वाचलं. त्यातूनच कळलं, की याच गाडीचा एक वरचा, जास्त ताकदीचा प्रकार होता, त्याच्या पुढच्या डिस्क मोठ्या होत्या, आणि पकड धरणारा मधला ब्रॅकेट बदलला तर त्या माझ्या गाडीला बसतात. प्रश्न एकच होता, मोठी डिस्क माझ्या चाकाच्या आत मावेल का. मी एका बेअरिंगच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर डिस्क आणि पकडीचं माप काढलं, आणि तो पुठ्ठा चाकाच्या आत धरून फिरवून पाहिला. चार मिलिमीटर जागा उरत होती. दुकानात मी चार मिलिमीटरला भरपूर म्हणते. त्या दिवशीही म्हटलं.

पुढच्या मोठ्या आणि मागच्या नेहमीच्या मापाच्या डिस्क आल्या तेव्हा मी त्या काउंटरवर मांडल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत बसले. एकेक डिस्क दोन तव्यांमध्ये पाती बसवल्यासारखी, आतून पोकळ, म्हणजे वारा खेळून ती लवकर निवते. वर तिरप्या खाचा होत्या, पॅडची जळालेली भुकटी झटकून टाकायला. नवी पॅड जास्त उष्णता सोसणारी होती, आणि तेलही तसंच, सहज न उकळणारं. घाटात माझं तेल उकळलं होतं. त्यात बुडबुडे झाले होते आणि मी त्या बुडबुड्यांवर पाय देत होते, हे मला आता कळलं होतं.

रविवारी सकाळी कामाला लागले. गाडी उचलून खाली लोखंडी घोड्या लावल्या, चारही चाकं काढली. मामाजी नेहमीसारखे खुर्चीवर, तोंडापुढे पेपर. मी पहिल्या चाकाची पकड सोडवली आणि ती तिच्या तेलाच्या रबरी नळीवर खाली लोंबू दिली. पेपरच्या मागून आवाज आला.

"होजवर लोंबू देऊ नोको. तुटते. तारेनं वर बांध."

त्या घाटानंतर गाडीबद्दल ते पहिल्यांदा बोलले होते. मी तार आणली आणि बांधली. पेपरचं पान उलटलं गेलं.

डिस्क दोन छोट्या स्क्रूंनी मागच्या भागाला धरलेली असते. एक स्क्रू निघाला. दुसऱ्याची खाच घासून गेली, आणि शेवटी तो ड्रिलनं उडवावा लागला. तरी डिस्क हलेना. दहा वर्षांच्या गंजानं ती चिकटून बसली होती. मी लाकडी हातोड्यानं ठोकलं, मग लोखंडी हातोड्यानं. सासूबाई बाहेर येऊन बघून गेल्या. नवऱ्यानं येऊन विचारलं, नागपूरला पुन्हा फोन करायचा का. मी घामानं निथळत होते आणि माझं डोकं तापलं होतं. मी हातोडा टाकला, पाणी प्याले आणि डिस्ककडे नीट पाहिलं.

तिच्यात दोन भोकं होती, आट्यांची. आतापर्यंत ती माझ्या नजरेला पडलीच नव्हती. त्यांत काहीच बसवलेलं नव्हतं. मग ती कशाला? आणि मला हसूच आलं. कापसाच्या जिनिंगमधली अडकलेली पुली शाफ्टवरून कशी काढायची, हे मी वीस वेळा लोकांना काउंटरवरून सांगितलं होतं. पुलीलाही अशीच आट्यांची भोकं असतात. त्यांत बोल्ट घालायचा आणि आवळत जायचं. बोल्ट पलीकडे टेकतो आणि पुलीला स्वतःच ढकलून काढतो.

आठ एम.एम.चे दोन बोल्ट घेतले. एकाला अर्धा फेरा, दुसऱ्याला अर्धा फेरा, परत पहिल्याला. चौथ्या खेपेला अंगणभर घुमेल असा आवाज झाला आणि डिस्क सुटून माझ्या हातात आली. मागे वळून पाहिलं तर मामाजी उभे होते. पेपर खुर्चीवर घडी घालून ठेवलेला होता.

"हे आम्ही घनानं काढत होतो," ते म्हणाले. "अर्धा दिवस जाये."

उरलेल्या तीन डिस्क तासाभरात निघाल्या. तिसऱ्या वेळी एक बोल्ट मामाजींनी आवळला.

मग मी जिथं डिस्क टेकते तो भाग पॉलिश पेपरनं घासला, नवी डिस्क चढवली आणि डायल गेज लावलं. डिस्क फिरवताना ती किती डगमगते ते या घड्याळात दिसतं. काटा बारा शतांश मिलिमीटर फिरला. नवी डिस्क, आणि इतकी डगमग. घाटातलं स्टिअरिंगचं थरथरणं याचंच मोठं भावंड होतं. मी डिस्क परत उतरवली. बोटाला लागेल न लागेल असा गंजाचा एक कण खोबणीत राहिला होता. तो काढला, डिस्क परत बसवली. काटा तीनवर आला आणि तिथंच राहिला. मामाजींनी चष्मा वर करून घड्याळ पाहिलं. मी त्यांना समजावून सांगितलं, त्यांनी एकदा परत विचारून घेतलं, आणि मग स्वतःच्या हातानं डिस्क फिरवून काट्याकडे बघत राहिले. बसच्या वेळी हे यंत्र नव्हतं, ते म्हणाले, तेव्हा थरथर अंगठ्याला कळायची.

ब्रॅकेट, पॅड, पकडी असं सगळं दुपारपर्यंत बसलं. उरलं तेल बदलणं आणि नळ्यांतली हवा काढणं. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी पेच उघडून हवा आणि जुनं तेल सोडायचं, पेच बंद करायचा, मग पेडल सोडायचं. मी नवऱ्याला हाक मारणार होते. तेवढ्यात मामाजींनी चपला काढल्या.

मी म्हटलं, तुम्ही तर बसणार नव्हता.

"उभ्या गाडीत बसतो," ते म्हणाले. "चालत्या गाडीचं मंग पाहू."

पुन्हा एक पाय, डोकं, उरलेला माणूस. या वेळी ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले. निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी. त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, मग पेडलच्या कामाला हात लागत नाहीत हे आठवून मांडीवर घेतले. मी मागच्या, तेलाच्या डबीपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली. मी म्हणायचे, दाबा. ते म्हणायचे, दाबलं. मी पेच उघडायचे, पारदर्शक नळीतून काळं तेल बाटलीत यायचं, त्यात बुडबुड्यांची माळ. पेच बंद. सोडा. सोडलं. एवढेच शब्द, दोन चाकं होईपर्यंत. नळीतलं तेल हळूहळू मधाच्या रंगाचं झालं.

तिसऱ्या चाकाला ते एकदम म्हणाले, "थांब. हवा गेली."

मी म्हटलं, नळीत काही दिसत नाही.

"नळीत नाई. पायाले लागून राह्यली."

मी उठून बॉनेटखाली पाहिलं. तेलाची डबी रिकामी होत आली होती, आणि वरून हवा आत ओढली जात होती. डबी भरत राहायची हे पुस्तकात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आणि कामाच्या भरात मी विसरले होते. मला नळीत बुडबुडा दिसण्याआधी त्यांच्या तळपायाला तो लागला होता. आम्ही पुन्हा पहिल्या चाकापासून सगळं केलं. ते एका शब्दानं कुरकुरले नाहीत. चौथं चाक संपल्यावर त्यांनी पेडलवर पाय ठेवला, दाबला, परत दाबला.

"ये, पाह्य," ते म्हणाले. मी उघड्या दारातून आत वाकून हातानं पेडल दाबून पाहिलं. दोन बोटं खाली गेलं आणि फरशीसारखं घट्ट झालं.

नव्या डिस्क आणि पॅडना एकमेकांची ओळख व्हावी लागते. सोमवारी उजाडताच मी एकटी आष्टीच्या रस्त्याला निघाले. साठचा वेग घ्यायचा, दाबून पंधरावर आणायचा, पण पूर्ण थांबायचं नाही, परत साठ. असं दहा वेळा. सातव्या वेळी चाकांतून पातळ धूर आला आणि नव्या भांड्यासारखा वास सुटला. हे होणार हे वाचलेलं होतं, म्हणून थांबले नाही. दहावी खेप झाल्यावर ब्रेकवर पाय न देता वीस मिनिटं नुसती चालवली. चाकांमधून बघितलं तर डिस्कवर सारखा करडा रंग चढला होता. एकही डाग नव्हता.

त्या दिवशी दुकान उशिरा उघडेन असं मी घरी सांगून ठेवलं होतं. सकाळी मामाजी त्यांच्या मोपेडवर त्याच रस्त्यावर आले. नवा सिमेंटचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली वावरं, एक चहाची टपरी. त्यांनी मोपेड टपरीपाशी लावली, खिशातून खडू काढला आणि रस्त्यावर आडवी रेघ ओढली. मी लांबून ऐंशीच्या वेगानं यायचं आणि रेघ आली की सगळ्या जोरानं ब्रेक मारायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. रेघेपासून गाडी थांबते तिथपर्यंत ते पावलं मोजणार होते.

पहिल्यांदा मी आले, रेघ दिसली, पाय मारला. पट्टा छातीत रुतला. गाडी नाक खाली घालून सरळ रेषेत, जराही न हलता थांबली. स्टिअरिंग हातात मेल्यासारखं शांत. मागून मामाजी चालत आले, ओठांनी आकडे म्हणत. एकोणचाळीस.

पुन्हा, ते म्हणाले. एकोणचाळीस. पुन्हा. एकोणचाळीस. चौथ्यांदाही तेच. टपरीवाला चहा सोडून रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला होता. पाचव्यांदा मामाजी चाळीस म्हणाले, गाडीपाशी थांबून विचारात पडले, आणि परत रेघेपर्यंत जाऊन नव्यानं मोजत आले.

"एकोणचाळीस," ते म्हणाले. "मघा माझंच पाऊल आखूड पडलं."

जुने ब्रेक घाटात तिसऱ्या-चौथ्या वेळी हरले होते. हे पाचव्यांदाही पहिल्यासारखेच होते. मला ओरडावंसं वाटत होतं. मी खिडकीची काच खाली करून नुसती बसून राहिले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, आणि माझं तोंड हसून हसून दुखत होतं. मामाजींनी टपरीवाल्याला मोपेडकडे लक्ष ठेवायला सांगितलं, गाडीला वळसा घालून शेजारचं दार उघडलं आणि आत बसले. पट्टा लावला.

"चाल," ते म्हणाले. "कारंज्याले."

घाट चढून आम्ही वर गेलो, वळलो आणि उतरू लागलो. तोच उतार, तसेच ट्रक, तेच वळण. मी मुद्दाम उशिरा ब्रेक मारला. पेडल जिथं होतं तिथं घट्ट, गाडी मागून कुणी धरून ठेवल्यासारखी वळणात शिरली आणि बाहेर आली. वास नाही, थरथर नाही. तळेगावपर्यंत मामाजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. एकदाही त्यांचा उजवा पाय समोरच्या फळीवर दाबला गेला नाही. मी ते तिरप्या नजरेनं बघत होते.

खाली पोचल्यावर मी घराकडे वळणार, तर ते म्हणाले, "परत."

आम्ही परत वर गेलो आणि परत उतरलो. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी मीच म्हटलं, मामाजी, दुकान उघडायचंय. त्यावर ते म्हणाले, दुकान रोज उघडतं. चौथ्यांदा उतरताना त्यांनी खिडकी उघडली, बाहेर कोपर ठेवलं, आणि एका भरलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला हात केला. त्यानंही केला.

रात्री जेवताना त्यांनी स्वतःच सगळ्यांना ती घाटातली गोष्ट सांगितली. कांद्याचा ट्रक, खाली गेलेलं पेडल, पळसाची सावली. सासूबाईंच्या हातातली पोळी हातातच राहिली. नवरा माझ्याकडे बघत राहिला. मामाजींनी मग डिस्क कशी काढली ते सांगितलं. त्यात आट्यांची भोकं त्यांनाच आधी दिसली होती असं आलं. मी म्हटलं, मामाजी, ती मला दिसली होती. ते भात कालवत म्हणाले, बरं, तुले दिसली. पण हवा कोणाले लागली? ती तुम्हालाच, मी म्हटलं. मग त्यांचं समाधान झालं.

पावसाळा सरल्यावर एक दिवस त्यांनी मला विचारलं, की चिखलदऱ्याचा घाट मी पाहिला आहे का. तिथं उन्हाळ्यात जादा गाड्या सुटायच्या, आणि डेपोतून त्यांनाच पाठवायचे, कारण तो घाट उतरवणं सगळ्यांना जमायचं नाही. मी म्हटलं, जाऊ या. नोव्हेंबरात आम्ही गेलो. वर चढताना ते प्रत्येक वळणाआधी पुढचं वळण कसं आहे ते सांगत होते, आणि एकही चुकलं नाही.

उतरताना परतवाड्याच्या वाटेवर अर्ध्यात, सोळाव्या की सतराव्या वळणानंतर, त्यांनी थांब म्हटलं. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी कठड्यापाशी थांबली. त्यांना बरं वाटत नाही की काय, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उतरून कठड्यापाशी गेले. खाली दरी होती. कलत्या उन्हात एकामागे एक डोंगर, सागाची झाडी, आणि फार खोल कुठंतरी एक चकाकणारी पाण्याची रेघ.

मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"एवढी खोल हाये ही?" ते म्हणाले. "इथून किती वेळा गेलो असीन मी. रस्त्यावरची नजर काढलीच नाई कधी. मागची माणसं म्हणत, काय दिसून राह्यलं, काय दिसून राह्यलं. मी हे पायलंच नाई."

त्यांनी खिशातून फोन काढला. रेंजची एक दांडी होती. ते कठड्याच्या कडेकडेनं चालत जिथं आवाज पोचेल अशी जागा शोधू लागले, आणि मग सासूबाईंना मोठ्या आवाजात दरी सांगू लागले. आधी डोंगर, मग झाडं, मग पाणी. सगळं सांगून झाल्यावर गाडीच्या दोन सीटांकडे त्यांनी एकदा पाहिलं, आणि फोनमध्ये म्हणाले, "पुढच्या खेपेले तू येजो इच्यासंगं. मी घरी राह्यतो."